हरीण मोजा, गाडी उघडू नका

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत एक वाद ठरल्यासारखा पेटतो. हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो आणि पाच लाखांहून अधिक माणसं नारिंगी जाकिटं चढवून रानात शिरतात. पश्चिमेकडे कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, वायोमिंगमध्ये डोंगरातून खाली उतरणाऱ्या रस्त्यांवर शरद ऋतूत पाट्या लागतात: सर्व शिकाऱ्यांनी थांबावं, शिकार मिळाली असो वा नसो. पाटीपुढे वन्यजीव खात्याचे अधिकारी, म्हणजे गेम वॉर्डन, उभे असतात. परवाना बघतात, हरणाला बांधलेला टॅग, म्हणजे नोंदीची चिठ्ठी, बघतात, आणि कधीकधी पिकअपच्या मागचा कूलर उघडायला सांगतात. मग वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लपवण्यासारखं काही नसेल तर थांबायला काय जातं? दुसरी बाजू म्हणते, आज कूलर उघडला, उद्या घरात शिरतील. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं हीच वाक्यं एकमेकांवर फेकत आल्या आहेत आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहिला आहे. हा नाका हरणं मोजण्यासाठी आहे की माणसं पकडण्यासाठी?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हरणं मोजण्यासाठी, त्यांचं वय बघण्यासाठी, रोगाचे नमुने घेण्यासाठी शिकाऱ्यांना थांबवणं मला मान्य आहे. कोणताही ठोस संशय नसताना रस्त्यावरून जाणारी गाडी अडवून तिची झडती घेणं मला मान्य नाही, मग आत बसलेल्या माणसाने सकाळी शिकार केलेली असो वा नसो. ही दोन कामं एकाच नाक्यावर, एकाच गणवेशातल्या माणसाकडून करून घेतली जातात हे या व्यवस्थेचं खरं दुखणं आहे. त्यात माणसाचा हक्क तर जातोच, आणि हरणाचंही नुकसान होतं. मी शिकार करत नाही, आमच्या घरात मांसही शिजत नाही. शिकाऱ्यांशी माझं काही नातं नाही. पण ज्याचं वागणं आपल्याला आवडत नाही त्याच्या हक्कांबद्दल आपण काय म्हणतो, यावरच आपल्याला हक्क कितपत कळले ते ठरतं.

नाक्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. शिकारीचा गुन्हा विचित्र असतो, त्यात फिर्यादी नसतो. घरफोडी झाली तर घरमालक पोलिसांत जातो. हंगामाबाहेर मारलेल्या हरिणीच्या वतीने कोण जाणार? वॉर्डन मोजके, त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख अफाट, बहुतेक वेळा माणूस एकटा, आणि समोरचा प्रत्येक जण बंदूकधारी. शिवाय पुरावा फार लवकर नाहीसा होतो. सकाळी रानात पडलेलं हरीण संध्याकाळपर्यंत पाकिटं होऊन कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये गेलेलं असतं. रानातून घराकडे जाणारा रस्ता हीच ती जागा, जिथे ते हरीण अजून हरीण म्हणून ओळखता येतं. नाका तिथे लावावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरा मुद्दा इतिहासाचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. आज अमेरिकेत व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची, हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. 1900 च्या सुमारास ती जेमतेम पाच लाखांपर्यंत, किंवा त्याहूनही खाली आली होती. शहरांच्या बाजारात हरणाचं मांस उघड विकलं जायचं आणि बाजारासाठी मारणाऱ्यांना कसलीच मर्यादा नव्हती. एकेकाळी आभाळ झाकणारी पॅसेंजर पिजन ही रानकबुतरं याच हव्यासात संपली. त्यांतली शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ज्या देशाने हे पाहिलं तो कायद्याची अंमलबजावणी ढिली करायला कचरतो, यात नवल नाही. वन्यप्राणी कुणा एकाचे नसून राज्याने सर्वांच्या वतीने सांभाळायचे असतात, ही तिथली धारणा योग्यच आहे.

पण हा इतिहास नीट वाचला तर काय दिसतं? हरीण वाचलं ते हंगाम ठरवल्यामुळे, प्रत्येकी किती मारायची याची मर्यादा घातल्यामुळे आणि मांसाचा बाजार बंद पाडल्यामुळे. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, म्हणजे रानं राखण्याचा मोठा खर्च खुद्द शिकाऱ्यांच्या खिशातून येऊ लागला. नफा तोडला, पैसा उभा केला, अधिवास जपला. गाड्या अडवून झडत्या घेतल्या म्हणून हरणं परत आली, असं म्हणायला या इतिहासात आधार सापडत नाही.

आता न्यायालयांकडे वळू, कारण या वादात दोन्ही बाजू निकालांचे अर्धेच दाखले देतात. अमेरिकी घटनेची चौथी दुरुस्ती 1791 ची. माणूस, त्याचं घर, त्याची कागदपत्रं आणि त्याच्या वस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण, हा तिचा गाभा. नाक्यांचे समर्थक 1990 च्या मिशिगनच्या निकालावर बोट ठेवतात. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी सॅगिनॉ काउंटीत लावलेल्या नाक्यावर सव्वा तासात 126 गाड्या थांबवल्या गेल्या, प्रत्येक गाडी सरासरी 25 सेकंद थांबली, दोघांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी हा नाका वैध ठरवला. मग शिकाऱ्यांनी 25 सेकंद दिले तर बिघडलं कुठे?

याच न्यायालयाचा 2000 सालचा निकाल मात्र हे समर्थक सांगत नाहीत. इंडियानापोलिस शहराने 1998 मध्ये अमली पदार्थ पकडण्यासाठी सहा वेळा नाके लावले. 1,161 गाड्या थांबवल्या, 104 अटका झाल्या, त्यांतल्या 55 अमली पदार्थांच्या. म्हणजे दर शंभर गाड्यांमागे नऊ अटका, मिशिगनच्या नाक्यापेक्षा कितीतरी जास्त यश. तरीही न्यायालयाने, पुन्हा 6 विरुद्ध 3 मतांनीच, तो नाका घटनाबाह्य ठरवला. का? न्यायालयाने नाक्याचा हेतू पाहिला. दारूच्या नशेत गाडी चालवणारा माणूस त्याच क्षणी, त्याच रस्त्यावर कुणाचा तरी जीव घेऊ शकतो, त्याला थांबवणं म्हणजे अपघात थांबवणं. गाडीत गांजा आहे का हे बघणं हा नेहमीचा गुन्हेतपास, आणि नेहमीच्या गुन्हेतपासासाठी सरसकट सगळ्यांना अडवता येत नाही. मागच्या हौद्यातलं हरीण या दोन्हींपैकी कशासारखं आहे? ते मेलेलं आहे. त्याच्यामुळे रस्त्यावरच्या कुणाचाही जीव धोक्यात नाही. ते बेकायदा मारलेलं असेल तर गुन्हा घडून गेलेला आहे आणि नाका त्याचा पुरावा शोधतो आहे. हा नेहमीचा गुन्हेतपास नाही तर दुसरं काय आहे?

तरीही हे मान्य करायला हवं की अनेक राज्यांच्या न्यायालयांनी शिकारीचे नाके वैध ठरवले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयातही वॉर्डनांबद्दल एक मऊ कोपरा राहिला आहे. 1979 मध्ये डेलावेअरच्या खटल्यात, संशयाशिवाय पोलिसाने वाटेल ती गाडी अडवू नये, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी वेगळी टीप जोडली, की गेम वॉर्डन आपल्या कामात जी तपासणी करतात तिच्यावर या निकालाची सावली पडू नये. मला ही टीप समजते. रानात, हातात रायफल, अंगावर नारिंगी जाकीट असा माणूस भेटला तर वॉर्डनने परवाना विचारावा यात गैर काही नाही. तो माणूस तिथे शिकार करतोय हे डोळ्यांना दिसतं आहे. पण तोच माणूस गाडीत बसून हमरस्त्याला लागला की तो इतर हजार गाड्यांमधला एक होतो. रानातला अधिकार रस्त्यावर आणताना तो फक्त शिकाऱ्यापुरता राहत नाही.

त्याची उदाहरणं आहेत. ऑरेगॉनमध्ये 1980 साली निकाल लागलेल्या प्रकरणात शिकारीच्या नाक्यावर थांबवलेली महिला कोणत्याही शिकारीच्या गुन्ह्यात सापडली नाही. तिच्यावर खटला झाला तो वाहन परवाना निलंबित असताना गाडी चालवल्याबद्दल, आणि न्यायालयाने नाका वैध मानला. आयडाहोत अशाच एका नाक्यावर वन्यजीव खात्याबरोबर इतर खात्यांचे अधिकारीही येऊन उभे राहिले, तेव्हा 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला तो चौथ्या दुरुस्तीच्या विरुद्ध ठरवावा लागला. हरणाच्या नावाने जाळं पसरलं की त्यात जे मिळेल ते घ्यायचा मोह कुठल्या खात्याला आवरतो? कोलोरॅडोत ॲस्पेनच्या झाडांची पिवळी पानं बघायला निघालेलं एखादं मराठी कुटुंबही त्याच रस्त्याने जात असतं. डिकीत बंदूक नाही, डबे आहेत. ते थांबतात, पाटी शिकाऱ्यांसाठी आहे की सगळ्यांसाठी हे नवख्याला कळत नाही, आणि नवऱ्याच्या व्हिसाचे कागद घरी राहिलेत या विचाराने बायकोचा जीव वरखाली होतो. त्यांना तिथे अडकवण्याचं हरणांच्या रक्षणाशी काय नातं आहे?

यावर ठरलेलं उत्तर येतं: शिकार हा हक्क नाही, परवाना आहे, आणि परवाना घेतला की अटी आल्या. अटी आल्या हे खरं. हरणाला टॅग बांधणं, ठरलेल्या मुदतीत नोंद करणं, विचारल्यावर परवाना दाखवणं या अटी शिकारीशी जोडलेल्या आहेत. पण सरकार परवान्याच्या बदल्यात वाटेल ते मागू शकतं का? वाहन चालवण्याचाही परवानाच असतो. मग प्रत्येक चालकाने आपली पिशवी रोज उघडून दाखवायला हवी. दुकानाचा परवाना घेणाऱ्याने आपल्या घराचं कपाटही उघडून दाखवायला हवं. परवान्याच्या कागदावर मूलभूत हक्क सोडून द्यायला लावायचं, हा युक्तिवाद एकदा मान्य केला की परवाना न लागणारी कामं आपल्या आयुष्यात किती उरली आहेत, हे ज्याने त्याने मोजून पाहावं.

शिकार आणि झडती यांची जोडी जुनी आहे, अमेरिकेहून जुनी. इंग्लंडच्या 1671 च्या कायद्याने वर्षाला 100 पौंडांचं जमिनीचं उत्पन्न नसलेल्या माणसाला शिकारीची बंदी केली आणि जमीनदारांच्या रखवालदारांना अशा माणसांच्या घरांतून बंदुका, जाळी आणि कुत्रे शोधून जप्त करण्याची मुभा दिली. 1723 च्या ब्लॅक ॲक्टने तर तोंडाला काळं फासून हरणं मारणाऱ्यांना फाशीपर्यंत नेलं. अमेरिकेच्या वसाहतींना हा इतिहास माहीत होता. 1776 च्या पेनसिल्व्हेनियाच्या घटनेत शिकारीच्या मोकळिकीचं कलम आलं, ते या पार्श्वभूमीवर. पुढे 1862 मध्ये ब्रिटिश संसदेने चोरट्या शिकारीविरुद्ध कायदा केला आणि पोलिसांना रस्त्यावर माणूस आणि गाडी झडण्याचा अधिकार दिला. जमीनदारांनी भरलेल्या त्या संसदेनेही एक अट ठेवली होती: त्या माणसाने बेकायदा शिकार केल्याचा सबळ संशय हवा. जी अट त्या काळच्या जमीनदारांना घालावीशी वाटली, ती आजच्या प्रजासत्ताकाला जड का वाटावी?

आपल्या भारतीय कायद्यातही ती आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 50 अधिकाऱ्याला गाडी थांबवून झडती घेऊ देतं, पण गुन्हा झाल्याचं मानायला वाजवी कारण असेल तरच. ज्या देशात शिकारच बंद आहे त्या देशाच्या कायद्याने ही अट राखली आहे. ती प्रत्यक्षात किती पाळली जाते हा वेगळा आणि दुःखद विषय आहे.

शिकार करणारा म्हणजे संशयित, हे समीकरण महाराष्ट्राने जितकं जवळून पाहिलं तितकं थोड्यांनी पाहिलं असेल. फासेपारध्यांचा पिढीजात धंदा हरणं आणि तित्तर धरण्याचा. 1871 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यातही आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, वाटेल तेव्हा पालाची झडती. एका माणसाने काय केलं हे विचारायची गरजच उरली नाही, तो कोण आहे एवढं पुरेसं झालं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. संशय गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. पिकअप आणि रायफल बाळगणारा मोंटानाचा शिकारी आणि पालात राहणारा पारधी यांच्या दुःखाची तुलना होऊच शकत नाही, आणि ती मी करत नाही. मी फक्त तर्काकडे बोट दाखवतोय. व्यक्तीवरचा संशय सोडून वर्गावरचा संशय पुरेसा मानला की तो कुठवर जातो, ते आपल्याकडे घडून गेलेलं आहे.

मग फिर्यादी नसलेला गुन्हा पकडायचा कसा? माणसांच्या मदतीने. अमेरिकेतल्या राज्यांत चोरट्या शिकारीची खबर द्यायला दूरध्वनी क्रमांक आहेत, आणि खबर देणारे बरेचदा शिकारीच असतात, कारण नियम पाळणाऱ्याला नियम मोडणाऱ्याचा राग सगळ्यात जास्त येतो. रस्त्याकडेला बनावट हरीण उभं करून, गाडीतूनच गोळी झाडणाऱ्याला रंगेहाथ पकडण्याची पद्धतही रुळलेली आहे. तिथे निरपराध माणसाला कुणी अडवत नाही. आपल्याकडे जोधपूरजवळच्या कांकाणी गावातलं 1998 चं काळवीट-प्रकरण उभं राहिलं ते बिश्नोई गावकऱ्यांमुळे. हरीण तक्रार करू शकत नाही, पण हरणावर माया करणारी माणसं करतात.

आणि इथेच झडतीचा नाका हरणाच्या मुळावर येतो. आज हरणांपुढचं मोठं संकट चोरटी शिकार हे नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या बंदिस्त हरणांत प्रथम दिसला, 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि आज अर्ध्याहून अधिक राज्यांत पोचला आहे. प्रथिनाच्या विकृत रूपातून पसरणाऱ्या या रोगावर उपचार नाही, लस नाही. तो कुठे आहे हे कळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मारलेल्या हरणांच्या लसिका ग्रंथींचे नमुने, आणि ते मिळतात शिकाऱ्यांकडून. शिकाऱ्याने खरं सांगायला हवं: हरीण कुठल्या खोऱ्यात मारलं, कसं चालत होतं, लाळ गळत होती का. जो अधिकारी हे विचारतो तोच पुढच्या क्षणी कूलर उघडायला सांगणार असेल, तर टॅगमध्ये बारीकशी चूक झालेला माणूस काय करेल? तो लांबचा रस्ता धरेल. त्याचं हरीण, त्यातला रोग आणि त्या खोऱ्याची माहिती, सगळं त्याच्याबरोबर निघून जाईल. विश्वासावर चालणारं काम भीतीच्या नाक्यावर ठेवलं की आकडेच खोटे होतात.

याला पर्याय चालू आहेत. विस्कॉन्सिनने 2015 पासून हरणाची नोंद फोनवरून आणि ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली, आणि रोगाच्या तपासणीसाठी शिकाऱ्याने हरणाचं डोकं स्वतः नेऊन ठेवायची केंद्रं उभारली. मिसूरीने रोगग्रस्त भागातल्या ठरावीक काउंटींत हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी मारलेलं हरीण नमुना केंद्रावर आणणं सक्तीचं केलं. सक्ती आहे, पण ती हरणामागे लागली आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीमागे नाही. ज्याने हरीण मारलं त्याने ते दाखवावं. बाकीच्यांनी आपल्या वाटेने जावं.

मध्यम मार्गही न्यायालयांनी दाखवला आहे, आणि तो मी नाइलाजाने का होईना स्वीकारीन. 2011 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सॅन डिएगोच्या धक्क्यावरचं प्रकरण आलं. वॉर्डनने दुर्बिणीतून एका माणसाला गळ टाकून काहीतरी पिशवीत घालताना पाहिलं, काही अंतरावर त्याची गाडी अडवली, आणि पिशवीत बंदीच्या काळातला लॉब्स्टर निघाला. न्यायालयाने ही थांबवणूक वैध ठरवली, कारण त्या माणसाला मासेमारी करताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. नियम मोडल्याचा संशय असण्याची गरज इथेही मानली गेली नाही, हे मला खटकतं. पण निदान तो माणूस कोण आणि तो काय करत होता, हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं. सरसकट नाक्यावर तेवढंही ठाऊक नसतं.

हा निर्णय आता राज्यांच्या हाती आहे. संघराज्याच्या न्यायालयाने दिलेलं संरक्षण हा तळ, त्यावर राज्य कितीही उंच बांधू शकतं. मिशिगनने ते करून दाखवलं आहे. सर्वोच्च न्यायालयात 1990 मध्ये नाका जिंकला, पण 1993 मध्ये खुद्द मिशिगनच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे असे नाके बंद केले. दुसरीकडे वीसहून अधिक राज्यांच्या घटनांत शिकार आणि मासेमारीचा हक्क लिहिला गेला आहे, फ्लोरिडाच्या मतदारांनी 2024 मध्ये तो मंजूर केला. ज्या शिकारी संघटना हे हक्क मतपेटीपर्यंत नेऊ शकतात त्यांनी पुढच्या वेळी आणखी एक कलम मागावं: वन्यजीव खात्याच्या नाक्यावर नोंद आणि नमुना घेतला जाईल, तिथे दुसऱ्या कुठल्या खात्याचा अधिकारी नसेल, शिकार न करणाऱ्याला थांबावं लागणार नाही, आणि विशिष्ट माणसावर सांगता येण्याजोगा संशय असल्याशिवाय बंद कूलर, डिकी वा पिशवी उघडली जाणार नाही.